शिखरावरचे ‘आम्ही’ आणि पायथ्याचे ‘आपण’

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत, ही गोष्ट व्याकरणाच्या तासाला शिकवली जाते आणि परीक्षा संपली की विसरली जाते. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळलेला असतो. ‘आपण’ म्हणताना तो सामावून घेतलेला असतो. ‘आम्ही आता जेवायला बसतो’ आणि ‘आपण आता जेवायला बसू’ या दोन वाक्यांत पाहुण्याचे त्या दिवसापुरते सगळे भवितव्य ठरते. हिंदीतल्या ‘हम’ला किंवा इंग्रजीतल्या ‘वुई’ला हा भेद दाखवता येत नाही. गुजरातीला येतो, तमिळ-तेलुगूलाही येतो. भाषेने आपल्या हाती दिलेले हे एक बारीक हत्यार आहे. कोण आत आणि कोण बाहेर, हे ते एका शब्दात सांगून टाकते. प्रस्तुत लेखात या हत्याराने मराठीतला एक लेखनप्रकार तपासून पाहायचा आहे. तो प्रकार म्हणजे समूहाने केलेल्या एक दिवसाच्या डोंगरचढणीचे वर्णन. रूढ शब्दात सांगायचे तर, ट्रेकचा वृत्तान्त.

या प्रकाराकडे समीक्षेने कधी गांभीर्याने पाहिलेले नाही. तो वाङ्मय आहे असेच मुळी कोणी मानत नाही. परंतु महाविद्यालयांची वार्षिके, रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंकांचे पर्यटन विभाग आणि अलीकडच्या काळात महाजाल यांत मिळून गेल्या काही दशकांत मराठीत जे प्रवासलेखन झाले, त्यात याचा वाटा मोठा आहे, हे कोणताही वाचक मान्य करील. ज्या प्रकारात इतकी माणसे लिहितात, त्या प्रकारात समाजाच्या मनाची ठेवण उमटल्यावाचून राहत नाही. शिवाय हा प्रकार आता पुरेसा घट्ट झालेला आहे. पहाटेचा गजर, ठरल्या ठिकाणी हमखास उशिरा येणारा एक मित्र, घाटातला चहा, पायथ्याचे गाव, पहिल्या चढावरची दमछाक, ‘अजून किती?’ हा प्रश्न आणि ‘हे काय, आलेच’ हे खोटे उत्तर, मग शिखर, वारा, समूहाचे छायाचित्र, उतरताना गुडघ्यांची कुरकुर, गावातले जेवण आणि शेवटच्या परिच्छेदात प्लास्टिकविषयी खेद. शालेय निबंधातली ‘आमची सहल’च येथे वयात आलेली आहे. साचा असणे हा काही दोष नव्हे. ओवीलाही साचा असतो आणि पोवाड्यालाही. प्रश्न असा आहे, की हा साचा काय दाखवतो आणि काय झाकतो?

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक शिखर समोर ठेवू. कळसूबाई. उंची १,६४६ मीटर, जुन्या मापाने ५,४०० फूट. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातला अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातला इगतपुरी तालुका यांच्या सीमेवर ते उभे आहे. बहुतेक मंडळी घोटी-भंडारदरा मार्गावरच्या बारी गावातून चढतात. सवयीच्या माणसाला तीन-साडेतीन तास पुरतात. कातळाच्या कठीण टप्प्यांवर लोखंडी शिड्या आणि कठडे बसवलेले आहेत. माथ्याच्या थोडे खाली एक विहीर आहे, आणि अगदी माथ्यावर देवीचे लहानसे मंदिर. वरून पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन बलदंड शेजारी दिसतात. दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी आणि त्यापलीकडे रतनगडाच्या बाजूची डोंगररांग. नवरात्रात येथे यात्रा भरते आणि पंचक्रोशीतली माणसे देवीला जातात. म्हणजे हे शिखर मानवी पावलांना मुळीच नवे नाही. इथल्या वाटा भाविकांनी पाडल्या, गुराख्यांनी वापरल्या, आणि शिड्याही चढणाऱ्यांचे हाल कमी व्हावेत म्हणून बसल्या.

आता या चढणीविषयी आपण कोणते क्रियापद वापरतो ते पाहावे. कळसूबाई ‘सर केली’. वृत्तपत्राच्या मथळ्यापासून विद्यार्थ्याच्या निबंधापर्यंत हेच. ‘सर’ हा फारसी शब्द. मूळ अर्थ डोके, मस्तक. मराठीत ‘सर करणे’ म्हणजे किल्ला किंवा मुलूख जिंकून ताब्यात आणणे. त्याच घरातले बाकीचे शब्दही एकेक करून येतात. ‘मोहीम’ आखली जाते, ‘चढाई’ होते, शिखर ‘काबीज’ होते, अखेर मोहीम ‘फत्ते’. हे सर्व शब्द लष्कराच्या दप्तरातले आहेत. किल्ल्यांच्या बाबतीत त्यांचे समर्थन निदान इतिहासाच्या आधारे करता येते, कारण किल्ला खरोखरच कधीतरी कोणीतरी सर केलेला असतो. कळसूबाई तर किल्लाही नाही. तेथे तट नाही, बुरूज नाही, किल्लेदार नाही. सुट्टीच्या दिवशी, शिडीला धरून, रांगेत उभे राहून, पुढच्याच्या पाठपिशवीकडे पाहत आपण वर जातो, आणि घरी येऊन लिहितो : सर केली. कोणाच्या हातून?

‘ट्रेक’ हा शब्द त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणून आपण स्वीकारला, पण त्याचेही पूर्वचरित्र अगदी निर्मळ नाही. तो दक्षिण आफ्रिकेतल्या डच वसाहतवाल्यांच्या भाषेतून इंग्रजीत आला. बैलगाड्या जोडून, बिऱ्हाड घेऊन नव्या जमिनीच्या शोधात केलेले स्थलांतर, असा त्याचा अर्थ. एकोणिसाव्या शतकात ज्या जमिनीवर त्या गाड्या गेल्या, तिथे आधीपासून माणसे राहत होती. शब्दांच्या जुन्या पापांचा हिशेब आजच्या वापरणाऱ्यांकडून मागू नये, हे मला मान्य आहे. मात्र आपण आयते घेतलेले जवळपास सगळेच शब्द डोंगराला रिकामा किंवा शत्रूच्या ताब्यातला समजतात, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. अकोल्याच्या या डोंगरांत खऱ्या लढायाही झाल्या. याच भागातले राघोजी भांगरे १८४० च्या दशकात इंग्रजांविरुद्ध उठले आणि १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. ट्रेकच्या वृत्तान्तात लष्करी शब्दांची इतकी गर्दी असताना त्यांचे नाव मात्र क्वचित भेटते. लढाईची भाषा घेतली. ज्यांनी लढाई केली त्यांची आठवण घेतली नाही.

या शिखराला आपण ‘महाराष्ट्राचे एव्हरेस्ट’ म्हणतो. यातली गंमत साहित्याच्या विद्यार्थ्याला तरी जाणवावी. हिमालयातल्या त्या शिखराला १८६५ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट या माजी सर्व्हेअर जनरलचे नाव देण्यात आले. तिबेटी लोकांचे ‘चोमोलुंग्मा’ हे नाव असताना. म्हणजे तिथे एक नाव झाकून दुसरे बसवले गेले. आणि इथे, ज्या डोंगराला स्वतःचे नाव आहे, त्या नावामागे एक बाई आहे आणि त्या बाईची एक गोष्टही आहे, त्याची थोरवी सांगायला आपण त्या बदललेल्या नावाचाच दाखला देतो.

ती गोष्ट कोणती? एकोणिसाव्या शतकातल्या जिल्हा गॅझेटियरातही ती नोंदलेली आहे. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, गाभा एकच. कळसू नावाची एक कोळ्याची पोर होती. तिला रानात हिंडायची आवड. पायथ्याच्या गावात ती एका घरी कामाला राहिली, पण एक अट घालून : भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस अट पाळली गेली. मग एके दिवशी तिला ती कामे करायला लावलीच. तिने भांडी घासली, केर काढला, आणि तडक डोंगर चढून गेली. पुन्हा खाली उतरली नाही. वाटेत तिने जिथे भांडी घासली ती जागा ‘थाळेमेळ’ म्हणून ओळखली जाते.

लोककथा म्हणून ही कथा विलक्षण आहे. देवी म्हटली की आपल्याला राक्षस आठवतो, शस्त्र आठवते, वध आठवतो. इथे त्यातले काहीच नाही. इथे एका मोलकरणीने कामाच्या अटी सांगितल्या आहेत, त्या मोडल्या गेल्या आहेत, आणि तिने काम सोडले आहे. महाराष्ट्राच्या माथ्यावर ज्या बाईचे मंदिर आहे, तिचा पराक्रम म्हणजे एक नकार. डोंगर तिने सर केला नाही. डोंगराने तिला जागा दिली.

आता पुन्हा वृत्तान्ताकडे वळू आणि त्यातली भांडी कोण घासते ते पाहू. त्यासाठी वाक्यरचनेकडे लक्ष द्यावे लागेल. चढण्याच्या वाक्यांत कर्ता ‘आम्ही’ असतो : आम्ही निघालो, आम्ही चढलो, आम्ही पोहोचलो. जेवणापाशी आले की कर्ता बदलतो. ‘गावात गरमागरम पोहे मिळाले.’ ‘उतरलो तेव्हा पिठले-भाकरी तयार होती.’ ‘चहा आला.’ या धाटणीची वाक्ये शेकड्यांनी सापडतील. पोहे मिळतात, भाकरी तयार असते, चहा येतो. करणारे कोणी नाही. चूल पेटवणारी, पहाटे पाणी भरून ठेवणारी, वीस माणसांच्या भाकऱ्या थापणारी आणि नंतर वीस ताटे विसळणारी बाई वाक्यात कर्त्याच्या जागी येतच नाही. तिने केलेले पिठले मात्र ‘अप्रतिम’ असते. व्याकरणाने इतकी सफाईने माणसे अदृश्य करता येतात, हे शैलीविज्ञानाच्या विद्यार्थ्याला शिकवायला याहून सोपे उदाहरण नसेल.

क्वचित ती दिसते तेव्हा ‘मावशी’ असते, आणि वाट दाखवणारा ‘मामा’ किंवा ‘दादा’. नात्याने हाक मारणे ही आपली चांगली रीत आहे. परक्या गावात तिने माया निर्माण होते. पण लिखाणात तिचा उलटाही उपयोग होतो. समूहातल्या बारा जणांची नावे, टोपणनावे, त्यांच्या खोड्या आणि नोकऱ्या आपल्याला कळतात. दिवसभर पुढे चालून ज्याने धुक्यात वाट चुकू दिली नाही, त्याचे नाव मात्र ‘मामा’च्या आड राहते. माया आणि विस्मृती एकाच शब्दात मावतात. ज्यांना तेही जमत नाही ते ‘स्थानिक’ लिहितात. स्वतःच्या गावात कोणी माणूस स्वतःला ‘स्थानिक’ म्हणत नाही. हा शब्द बाहेरून आलेल्याच्याच तोंडी असतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. हौसेने लिहिलेल्या चार पानांवर एवढा भार का टाकावा? आठवडाभर कार्यालयात पिचलेली माणसे एक दिवस मोकळ्या वाऱ्यावर जातात, आनंदाने चार ओळी लिहितात. त्यांनी सामाजिक इतिहास लिहावा ही अपेक्षा अवाजवी नाही का? माझे उत्तर असे, की हा प्रकार जन्मापासूनच एवढा भार वाहत आला आहे.

पाश्चात्त्य साहित्यात डोंगर चढण्याच्या वर्णनाचा आरंभ ज्या लेखनापासून मानतात, ते पेट्रार्कचे एक लॅटिन पत्र आहे. दक्षिण फ्रान्समधल्या व्हाँतू या सुमारे १,९१० मीटर उंचीच्या डोंगरावर तो चढला, ती तारीख पत्रात २६ एप्रिल १३३६ अशी येते. पत्र बरेच नंतर, १३५० च्या सुमारास, लिहिले किंवा पुन्हा घडवले गेले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. याकोब बुर्कहार्टने १८६० मध्ये प्रबोधनकाळावरच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या चढणीला मोठे महत्त्व दिले. केवळ पाहण्याच्या इच्छेने डोंगर चढणारा पहिला आधुनिक माणूस, अशी पेट्रार्कची ख्याती त्यातून रुजली. साहित्याचे विद्यार्थी हे पत्र वाचतात ते त्याच्या शेवटासाठी. माथ्यावर पेट्रार्क खिशातले संत ऑगस्टीनचे ‘कन्फेशन्स’ उघडतो. माणसे पर्वत पाहून थक्क होतात आणि स्वतःकडे पाहायचे विसरतात, अशा आशयाचा उतारा नेमका समोर येतो. आणि तो अंतर्मुख होऊन गप्प राहतो.

पण हे पत्र समूहाने केलेल्या एका दिवसाच्या चढणीचे वर्णन म्हणून वाचून पाहावे. मग त्यातली दुसरीच माणसे दिसू लागतात. सोबतीला कोणाला घ्यावे याचा पेट्रार्कने केलेला विचार आजच्या कोणत्याही आयोजकाला ओळखीचा वाटेल. हा मित्र फार मंद, तो फार उतावळा. हा फार खिन्न, तो फार खुशालचेंडू. शेवटी तो धाकट्या भावाला, गेरार्दोला, घेतो. बरोबर दोन सेवक. पायथ्याच्या दऱ्यांत एक म्हातारा मेंढपाळ भेटतो. तो या मंडळींना परतवायचा प्रयत्न करतो आणि सांगतो, की पन्नास वर्षांपूर्वी तरुणपणाच्या जोशात मी वर गेलो होतो. फाटलेले कपडे आणि ओरबाडलेले अंग यांखेरीज काही हाती लागले नाही. मंडळी ऐकत नाहीत असे दिसल्यावर तो वाट दाखवतो, आणि नको असलेले सामान ती त्याच्यापाशीच ठेवून जातात.

म्हणजे ‘पहिल्या’ चढणीच्या कागदातच तिच्या पन्नास वर्षे आधीची चढण नोंदलेली आहे. ती मोजली गेली नाही, कारण मेंढपाळाने पत्र लिहिले नाही. आणि पत्राच्या शेवटी काय होते? चंद्रप्रकाशात मंडळी उतारावरच्या मालोसेन गावातल्या मुक्कामी परततात. सेवक रात्रीच्या जेवणाच्या तयारीला लागतात. पेट्रार्क घरातल्या एका शांत कोपऱ्यात जाऊन हे पत्र लिहायला बसतो. दिवसभर तेवढाच डोंगर चढून-उतरून आलेले ते दोघे आता चुलीपाशी आहेत, म्हणून हा लिहू शकतो. पेट्रार्कचे श्रेय हे, की त्याने हे वाक्य गाळले नाही. जेवण ‘तयार होते’ असे लिहून तो मोकळा झाला नाही. साडेसहाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या पत्रात मेंढपाळ आहे, त्याचे म्हणणे आहे, सेवक आहेत आणि त्यांचे कामही आहे. आपल्या आजच्या वृत्तान्तांत एवढेही नसावे?

मराठीपुरते पाहिले, तर आपल्याला याबाबत दरिद्री म्हणवून घेण्याचे कारण नाही. ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहिणाऱ्या गो. नी. दांडेकरांनीच ‘माचीवरला बुधा’ लिहिली आहे. त्या कादंबरीत राजमाचीच्या माचीवर मुंबई सोडून परतलेला एक म्हातारा राहतो. वर चढून येणारा त्या कादंबरीचा विषय नाही. वर राहणारा आहे. ‘जैत रे जैत’ही त्यांचीच. तिच्यावर आधारलेला जब्बार पटेलांचा चित्रपट १९७७ मध्ये आला, त्यामुळे कथा सर्वांना ठाऊक आहे. त्यात चढणारा ठाकरवाडीतला नाग्या आहे. डोंगर त्याच्या देवाचा आहे, आणि त्याचे वैर डोंगराशी नसून कड्यावरच्या मधमाशीशी आहे. कादंबरीच्या नावातच विजय आहे. पण त्या विजयाचे मोल चिंधी भरते. म्हणजे विजयाचा शब्द वापरायचाच झाला तर त्याची किंमतही सांगावी लागते, हे भान आपल्या भाषेतल्या एका मोठ्या दुर्गप्रेमी लेखकाला होते. त्यांच्या मागून गड चढणाऱ्या पिढ्यांनी त्यांचे वेड घेतले. हे भान तितके घेतले नाही.

मी समूहाच्या विरुद्ध बोलतो आहे, असा समज होऊ नये. एकट्या ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ पुष्कळदा बरा. एकट्याच्या डोंगरलेखनाला आत्मगौरवाची बाधा फार लवकर होते. समूहात चालण्याची स्वतःची एक नीती आहे, आणि तिच्यात हव्या त्या दर्जाचे साहित्य दडलेले आहे. जाणत्या संघात समूहाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायांवर ठरतो. सर्वांत अनुभवी माणसांपैकी एक जण शेवटी चालतो. त्याच्या मागे कोणी राहू नये म्हणून. शिडीपाशी एखाद्याचे पाय लटपटू लागले की सगळी रांग थांबते. कोणी पाण्याची बाटली पुढे करतो, कोणी उगाच विषय बदलतो, कोणी आपल्यालाच दम लागल्याचे सोंग करतो म्हणजे त्याला लाज वाटू नये. या थांबण्यात, वाट पाहण्यात आणि सोंगात माणसांचे परस्परांशी असलेले नाते जसे उघडे होते, तसे शिखरावरच्या छायाचित्रात कधीच होत नाही. वृत्तान्तात त्याला किती जागा मिळते? ‘दोघे-तिघे मागे राहिले, बाकीचे पुढे गेलो.’ बस्स. मागे राहिलेल्यांची गोष्ट हीच खरी गोष्ट असू शकते, याचा विचारही लिहिणाऱ्याच्या मनात येत नाही; कारण ‘सर करणे’ या क्रियापदाला मागे राहिलेली माणसे चालत नाहीत.

येथे भाविकांची रीत पाहण्यासारखी आहे. देवीचे एक मंदिर पायथ्याच्या बाजूलाही आहे. वर जाणे ज्यांना झेपत नाही, ते तेथेच हात जोडतात. त्यांची यात्रा अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. यात्रेच्या भाषेत न पोहोचलेल्यासाठी जागा आहे. मोहिमेच्या भाषेत नाही.

खऱ्या ‘आम्ही’चे एक उदाहरण २९ मे १९५३ चे आहे. तेनसिंग आणि हिलरी परतल्यावर जगाने एकच प्रश्न धरला : आधी कोण? दोघांनी काठमांडूत सहीनिशी सांगितले, की आम्ही जवळजवळ एकदमच पोहोचलो. पुढे १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात तेनसिंगने हिलरी काही पावले पुढे होता हे स्पष्ट केले आणि त्या प्रश्नातली हवा काढून घेतली. एका दोरावर बांधलेल्या दोन माणसांत आधी-नंतर नसते, हे ज्यांना कळत होते ते ‘आम्ही’ म्हणाले; ज्यांच्या अंगाला दोर नव्हता ते भांडत राहिले. ‘आम्ही’ हा शब्द असा, दुसऱ्याच्या जिवाची जोखीम घेऊन मिळवावा लागतो. सामूहिक छायाचित्राने तो मिळत नाही.

आणि आता शेवटच्या परिच्छेदाकडे. वृत्तान्ताच्या, या लेखाच्या नव्हे. संपूर्ण लेखात ‘आम्ही’ नांदलेला असतो. शेवटी मात्र वाटेवरच्या बाटल्या, वेष्टने आणि विहिरीत तरंगणाऱ्या पिशव्या आठवतात, आणि लेखणी अचानक सर्वनाम बदलते. ‘आपण निसर्ग जपला पाहिजे.’ ‘आपणच आपले डोंगर घाण करतो.’ शिखर आम्ही सर केले. कचरा मात्र आपण केला. श्रेयाच्या वेळी वाचक बाहेर होता. दोषाच्या वेळी त्याला सन्मानाने आत बोलावले जाते. गावकरीही याच वेळी आत येतात. पिठल्याच्या वाक्यात ज्यांना कर्त्याची जागा मिळाली नव्हती, त्यांना जबाबदारीच्या वाक्यात ती न मागता मिळते. मराठीच्या दोन सर्वनामांचा इतका चतुर उपयोग एखाद्या कसलेल्या वकिलालाही साधला नसता. आणि तो लिहिणाऱ्याच्या नकळत होतो, हे अधिक चिंतेचे आहे.

कळसूची अट आठवावी : केर काढणार नाही. ज्या कामाला नकार देऊन ती डोंगरावर गेली, नेमके तेच काम आपण दर पावसाळ्यात तिच्या दारात टाकून येतो. आणि तो केर तिच्या वतीने उचलतात बारीची मुलेबाळे, बाया आणि काही स्वयंसेवक. देवीच्या कथेचा याहून मोठा अपमान दुसरा नाही; आणि तो करणाऱ्यांच्या वृत्तान्तात देवीचे दर्शन घेतल्याचे वाक्य न चुकता असते.

मग काय करावे? डोंगरावर जाऊ नये, असे मी म्हणणार नाही. लिहू नये, असे तर मुळीच नाही. मराठीच्या शिक्षकांपुढे एक साधा उपक्रम ठेवतो. वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचा किंवा दुसऱ्याचा एक ट्रेकचा वृत्तान्त घ्यावा आणि त्यातल्या प्रत्येक ‘आम्ही’च्या जागी ‘आपण’ घालून तो मोठ्याने वाचावा. समोर पायथ्याच्या गावातला माणूस बसलेला आहे असे समजून. काही वाक्ये सहज टिकतील. ‘आपण विहिरीपाशी थांबलो, पाणी प्यालो, वारा सुटला होता.’ काही मात्र जिभेवर अडतील. ‘आपण कळसूबाई सर केली’ हे वाक्य बारीच्या माणसासमोर म्हणून पाहावे. तो हसेल, आणि त्याचे हसणे बरोबर असेल. मग दुसरी फेरी करावी. जिथे जिथे काही ‘मिळाले’, ‘आले’ किंवा ‘तयार होते’, तिथे करणाऱ्याचे नाव भरावे. नाव आठवत नसेल तर ती जागा कोरी सोडावी. वृत्तान्तात अशा किती कोऱ्या जागा राहतात त्या मोजाव्यात, आणि पुढच्या खेपेला वर निघण्याआधी ती नावे विचारून घ्यावीत.